कूलर बंद केलास का गं?

माझं काम कानांचं. पुण्याचं एक ऑफिस गावोगावी मुलाखती घेतं, त्यांची रेकॉर्डिंग्ज माझ्याकडे इंदुरात येतात आणि मी ती ऐकून टाइप करते. कधी एकटी आशाताई बोलत असते, तर कधी समाजमंदिरात बसलेल्या आठ जणी एकदम बोलत असतात आणि मागे कोंबडा. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला मला चार तास लागतात, कोंबडा असेल तर पाच. ‘होतं’ की ‘होते’, ‘नाही’ की ‘नाही का’, एवढ्यासाठी तोच तुकडा सहा-सहा वेळा मागे घ्यायचा.

आणि हे सगळं लोकमान्य नगरात, तळमजल्यावरच्या खोलीत बसून. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं म्हणत येते. आमचं शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं येत राहिलं, त्याचा अभिमान आहेच, पण ते गाणं आता मला झोपेतही पाठ आहे. मग घराघरातले मिक्सर. मग शेजारी वरचा मजला चढतोय, तिथलं फरशी कापायचं मशीन. अधूनमधून महूच्या लाइनवरून जाणारी गाडी. आणि मार्च संपता संपता खिडकीत कूलर लागला की पाऊस पडेपर्यंत ह्या सगळ्याच्या खाली त्याची अखंड घरघर. इतकी अखंड, की तो आवाज आहे हेच आपण विसरतो.

गेल्या एप्रिलमध्ये वैतागून रात्री अकरा वाजता मोबाइलवरच हेडफोन मागवले. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘नॉइज कॅन्सलेशन’, खाली बारीक अक्षरांत ‘ईएनसी’. मला वाटलं, असेल काहीतरी नवीन. आले, लावले, कूलर जसाच्या तसा. कंपनीला मेल केला, तर उत्तर आलं की वस्तूत दोष नाही. खरंच नव्हता. ईएनसी म्हणजे आपण फोनवर बोलतो तेव्हा आपल्या माइकमधून आपल्या मागचा गोंगाट गाळायचा. फायदा पलीकडच्या माणसाला. माझ्या बहिणीला फोनवर माझ्या घरचं फरशीचं मशीन ऐकू येईना, आणि मी इकडे त्याच मशीनशेजारी. आपल्या कानांसाठी जे हवं ते एएनसी. एका अक्षराचा फरक, आणि तो कुठल्याही दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. परतीच्या नियमांत ‘फक्त बदलून मिळेल’ असं होतं, म्हणजे तेच पुन्हा. मे-जूनच्या घामात त्यांच्या गाद्यांचं नकली चामडं सोलून निघालं आणि कानांवर काळे कण चिकटायला लागले, तेव्हा ते लेकीला हॉस्टेलवर नेण्यासाठी उदार मनाने देऊन टाकले. तिने नेले नाहीत.

ह्या वर्षी मात्र ठरवलं की आधी समजून घ्यायचं. लेक इंजिनीअरिंगला आहे, तिने सुट्टीत वहीवर आकृती काढून दाखवलं. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला बारीक माइक असतात, चांगल्या हेडफोनमध्ये आतल्या अंगालाही. बाहेरची लहर आत शिरायच्या आत तिची नेमकी उलटी लहर स्पीकरमधून सोडायची. उंचवट्याला खड्डा भेटला की सपाट. कल्पना म्हणे पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाची, १९३६ सालचं अमेरिकन पेटंट आहे त्याचं. कागदावर सगळं जमलं होतं, ते डोक्यावर घालण्याजोगं व्हायला पुढे पन्नासेक वर्षं गेली.

मी विचारलं, “मग कुकरची शिट्टी का जात नाही?” ह्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात कामाचं ठरलं. कूलरसारखा शंभर हर्ट्झचा जाडा आवाज असेल तर त्याची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, आमच्या खोलीएवढी. ती संथ, एकसुरी. उलटी लहर तयार करायला यंत्राला सवड मिळते. तीन हजार हर्ट्झच्या चिरक्या आवाजाची लहर जेमतेम अकरा सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही. तिथे सेकंदाच्या अगदी बारीकशा अंशाची चूक झाली तरी खड्ड्याच्या जागी उंचवटाच येऊन बसतो. म्हणून साधारण हजार हर्ट्झच्या वर यंत्र हात टेकतं आणि पुढचं काम गादीवर सोडतं. शिट्टी, भांडी, हॉर्न, माणसाच्या बोलण्यातले स, श, ट, हे सगळं अडवायचं ते गादीने, कानाभोवती घट्ट बसून. डब्यावरचे ‘इतके डेसिबल’ हे आकडे म्हणूनच मी नंतर वाचायचे सोडले. कुठल्या आवाजाचे तेवढे डेसिबल, हे तिथे कोणी लिहीतच नाही.

मग मी हेडफोनच्या याद्या वाचणं थांबवलं आणि आमच्या आवाजांची यादी केली. वहीच्या एका पानावर जाडे: कूलर, पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर, रेल्वे, बसचं इंजिन, विमान. समोरच्या पानावर बारीक: फरशीचं मशीन, कुकर, मिक्सर, भाजीवाला, आमचे हे फोनवर बोलताना, आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय एकोणऐंशी. दुसरं पान बघून हे म्हणाले, “मला मशीनच्या रांगेत बसवलंस तू?” मी म्हटलं, आवाजाच्या हिशेबाने बसवलंय, मनाला लावून घेऊ नका.

ती दोन पानं समोर ठेवल्यावर स्पष्ट दिसलं की पहिल्या पानासाठी पैसे टाकून यंत्र घेता येईल, पण दुसऱ्यासाठी गादी नीट बसायला हवी. आणि गादी नीट बसायला आड येतो माझा चश्मा. काडी कानावरून जाते तिथे गादी उचलली जाते, फट राहते आणि त्या फटीतून आधी कूलरच परत येतो. कानातल्या कुड्यांचंही तेच. हे कुठल्याही परीक्षणात मी वाचलं नव्हतं, कारण परीक्षण करणारी सगळी पोरं पंचविशीतली, बिनचश्म्याची आणि बिनकुड्यांची.

आधी जेल रोडला गेलो. तिथे मोबाइलची दुकानं एकमेकांना खेटून आहेत आणि प्रत्येक दुकानदार आपल्याला लांबूनच ओळखत असल्यासारखा बोलतो. “दीदी, नॉइज कॅन्सलिंगही है, देखो ना, डब्बे पे लिक्खा है.” मी डबा हातात घेतला. ईएनसी. मी म्हटलं, “भिया, ये तो सामनेवाले के लिए है.” तो जरा थांबला, डबा परत घेतला आणि मागून दुसरा काढला. पण डबा फोडून कानाला लावून बघू देईना, आणि ह्या वस्तूचं असं आहे की कानाला न लावता घेणं म्हणजे न बघता चप्पल घेण्यासारखं.

शेवटी एका मोठ्या शोरूममध्ये गेलो, जिथे साखळीने बांधलेले का होईना पण लावून बघता येतात. तिथल्या मुलाने माझ्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि ताबडतोब मोठ्ठ्याने गाणं लावलं. ह्यात काही कळत नाही. गाण्याखाली सगळंच झाकलं जातं. मी त्याला गाणं बंद करायला सांगितलं आणि एसीच्या खाली जाऊन उभी राहिले. बटण बंद, बटण चालू. चालू केल्यावर एसीची घरघर गेली की नाही, एवढंच बघायचं. मग त्याला म्हटलं, तू बोलत राहा. तो बिचारा वॉरंटीबद्दल बोलत राहिला आणि मी प्रत्येक मॉडेलमध्ये त्याची वॉरंटी किती ऐकू येते ते बघत राहिले. प्रत्येक हेडफोन चश्म्यासकट वीस मिनिटं, खुर्चीत बसून. हे कंटाळून कचोरी खायला खाली गेले. काही हेडफोन लावल्यावर कानाला घाटात बसतात तसे दडे बसल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हवेचा दाब बदललेला नसतो, जाडे आवाज एकदम नाहीसे झाले की मेंदू तसा समज करून घेतो. काहींना त्याने मळमळतं. मला एका मॉडेलमध्ये फार झालं, दुसऱ्यात झालं नाही. हे दुसऱ्या कोणाला विचारून कळणारं नाही.

शेवटी दोन उरले, दोन्ही सोनीचे. एक एक्सएम-५, वजन २५० ग्रॅम, आणि एक त्याच्याहून पुष्कळ स्वस्त सीएच-७२०एन, वजन १९२ ग्रॅम. एसीखाली उभं राहिलं तर एक्सएम-५ सरळ जिंकतो, त्यात वाद नाही. त्याने वॉरंटीवाल्या मुलाचा आवाजही जास्त दाबला. पण वीस मिनिटांनी माझ्या चश्म्याच्या काड्या कानामागे टोचायला लागल्या होत्या, आणि मला तो चार तास घालायचा होता. अठ्ठावन्न ग्रॅम म्हणजे काय, तर एक मोठं अंडं. चार तास डोक्यावर अंडं घेऊन बसायचं की नाही, हा प्रश्न. हे येऊन म्हणाले, “अगं, जो चांगला आहे तो घेऊन टाक ना.” (आमच्या ‘घेऊन टाक’ला पुण्याच्या मैत्रिणी हसतात. हसोत.) मी हलका घेतला. उरलेल्या पैशांत कूलरची नवी मोटर आली, तिने आवाज किती कमी झाला हे इथे लिहिलं तर हेडफोनचा अपमान होईल.

कामासाठी घेत असाल तर एक गोष्ट मला आधी कोणी सांगायला हवी होती. ब्लूटूथवर नुसतं ऐकत असता तोवर आवाज स्वच्छ असतो. मीटिंगमध्ये त्याच हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ ‘हँड्सफ्री’ नावाच्या दुसऱ्याच रीतीवर जातो आणि आवाज जुन्या फोनसारखा चपटा होतो. हेडफोन महाग असो की स्वस्त. पहिल्या मीटिंगला मला वाटलं, वस्तू बिघडली. उपाय सोपा आहे: लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा ठेवायचा आणि ऐकायला फक्त हेडफोन.

टायपिंगच्या वेळी तर मी ब्लूटूथ वापरतच नाही. रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा चालू केलं की ब्लूटूथ जागा होईपर्यंत पहिलं अक्षर खाऊन टाकतो. “नाही, आम्हाला विचारलं नाही” ह्यातलं पहिलं ‘नाही’ गेलं की शेतकऱ्याची साक्षच बदलायची. म्हणून साधी ३.५ मिलिमीटरची वायर. हेडफोनला वायरचं भोक आहे ना हे बघूनच मी घेतले. लेकीला हे अश्मयुगीन वाटतं.

ह्या सगळ्यात खरा फायदा कुठे झाला तर आवाजाच्या पट्टीत. आधी मी कूलरवर मात करायला रेकॉर्डिंगचा आवाज चढवायचे, आवाजावर आवाज. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, आणि वर प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला वीस तास. माझं काम आठवड्याला तीस तासांचं. कूलर कानांतून गेल्यावर पट्टी आपोआप अर्ध्यावर आली आणि संध्याकाळी कानांत वाजणारी ती बारीक किणकिण थांबली. ती कूलरचीच आहे असं मी दोन वर्षं समजत होते.

जूनमध्ये पुण्याला जायचं होतं. रात्रीची गाडी, थ्री एसी. उज्जैन गेल्यावर लोकांनी चादरी अंथरल्या, मी हेडफोन चढवले. चाकांची खडखड खाली गेली, एसीचा भाता थांबला, आणि समोरच्या बर्थवरचे काका मोबाइलवर जे रील बघत होते ते एकदम लख्ख ऐकू यायला लागलं. आधी त्या रीलवर गाडीच्या आवाजाचं पांघरूण होतं, ते मीच ओढून काढलं होतं. बघा ही गंमत. यंत्र जाडे आवाज खातं आणि माणसं शिल्लक ठेवतं. रतलामला चहावाला चढला, त्याची हाळी तर मंदिरातल्या घंटेसारखी.

मग मी तानपुरा लावला. मोबाइलवर तानपुऱ्याची अ‍ॅप्स असतात, गाणाऱ्यांसाठी. अगदी हळू, पट्टीच्या पहिल्या-दुसऱ्या रेषेवर. बोलण्याचे तुकडे त्या एकसुरी नादात विरघळतात, शब्द लागत नाहीत, आणि शब्द लागले नाहीत की डोकं त्यांच्या मागे धावत नाही. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावची मी, त्या अतिविलंबित ख्यालाच्या गावची, आणि तानपुऱ्याचा उपयोग केला तो रील झाकायला. गोध्रा कधी गेलं कळलं नाही. हेडफोन लावून कुशीवर झोपता येत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. मोठ्या वाट्यांचे हेडफोन म्हणजे उताणं झोपायची शिक्षा.

येताना विमानाने आले. तिथे मात्र हे यंत्र आपल्या माहेरी आल्यासारखं वागतं. १९७८ साली अमर बोस झुरिकहून बोस्टनला चालले होते. एमआयटीतले प्राध्यापक, वडील ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यातून निसटून बंगालमधून अमेरिकेत गेलेले. विमानात दिलेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच कागद काढून गणित मांडायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीचा पहिला विकायचा हेडसेट वैमानिकांसाठी निघाला तो १९८९ साली. अकरा वर्षं! आणि मी इथे एका उन्हाळ्यात कंटाळले होते. पुणे-इंदूर हा प्रवास संपतो कधी ते कळतही नाही, पण उतरल्यावर डोकं जड नव्हतं, आणि ते का जड असायचं हे पहिल्यांदाच ध्यानात आलं. हवाईसुंदरीची सूचना मात्र हेडफोनमध्ये जास्त स्पष्ट ऐकू येते.

रस्त्यावर मी ते घालत नाही. आमच्याकडे रूळ ओलांडून पलीकडे जाणारी माणसं आहेत, त्यांतली काही कानांत बोंडं घालून जातात, मला बघवत नाही.

आता आईंचं. त्यांच्या तपासणीचा कागद दोन वर्षांपूर्वीचा आहे, त्यावरची रेघ डावीकडे ठीक आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली. म्हणजे जाडे आवाज शाबूत, बारीक गेलेले. वयामुळे तसंच होतं, वरचे सूर आधी जातात. माणूस बोलतो हे कळतं, काय बोलतो ते कळत नाही, कारण शब्दांना धार देणारी सगळी व्यंजनं वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचं कानाचं मशीन देवघराच्या खणात डबीत असतं. ते लावलं की भांडी डोक्यात पडतात म्हणतात. मग दुपारी फोनवर कीर्तन लावतात, पूर्ण आवाजात, आणि बुवांचं मला माझ्या खोलीत प्रत्येक अक्षर कळतं, त्यांना कळत नाही.

मेच्या शेवटी एका दुपारी मी पाणी प्यायला उठले. हेडफोन टेबलावर, बटण चालूच. आई आल्या, “ही तुझी कानटोपी बघू,” म्हणाल्या आणि उलटेसुलटे करून डोक्यावर घातले. काही वाजत नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, मग कूलरकडे वळून बघितलं.

“कूलर बंद केलास का गं?”

कूलरच्या वाऱ्याने त्यांचा पदर उडत होता. त्यांनी हात पुढे करून वारा लागतो का ते बघितलं. मग हेडफोन काढले, घातले, पुन्हा काढले, लहान मूल दिव्याचं बटण दाबतं तसे. “म्हणजे हा इतका ओरडतो?” म्हणाल्या.

तेव्हा मला माझ्या वहीतलं पहिलं पान आठवलं. त्यांच्या कानाला जे नीट ऐकू येतं, ते नेमकं त्याच पानावरचं. कूलर, पंखा, मोटर. जेवढं ऐकायची ताकद उरली होती ती सगळी घरघर ऐकण्यात जात होती, आणि बुवांचे शब्द तिच्याखाली. मी त्यांच्या फोनला हेडफोन जोडले आणि कीर्तन लावलं. आवाज अर्ध्यापर्यंत आणला तरी त्यांनी वाढव म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्या एकट्याच हसल्या. बुवांनी काहीतरी विनोद केला असणार. मी त्यांना बुवांच्या विनोदाला वेळेवर हसताना बऱ्याच दिवसांनी बघितलं. मशीनला हा पर्याय नाही, हे मला कळतं, माणसांशी बोलायला मशीनच लागेल आणि डॉक्टरांकडे ते पुन्हा नीट बसवून आणायचं आहे. पण दुपारपुरतं हे.

गाद्यांना घाम लागू नये म्हणून त्यांनी जुन्या मलमलच्या लुगड्याची दोन खोळी शिवून घातली. फट पडली, कूलर परत आला. त्यांनीच उसवून काढली, म्हणाल्या, घाम बरा. उरलेल्या तुकड्याची नाडीची पिशवी केली, कारण ह्या हेडफोनबरोबर डबा येत नाही.

सध्या दुपारी दोन ते चार माझं टायपिंग बंद असतं. लेक म्हणते, दुसरा सेट घ्या. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, “कशाला उगाच खर्च? तू तेवढ्या वेळात जरा पड की.” मी पडते. कूलर घरघरतो. झोप काही लागत नाही.